मुन्सफाचा वाडा: आधी मालक, मग भाडेकरू, मग गवंडी

खानदेशात तालुक्याच्या कुठल्याही जुन्या गावात जा, एखादा तरी ‘मुन्सफाचा वाडा’ निघतोच. (मुन्सफ म्हणजे इंग्रजी अमदानीतला तालुक्याचा देशी दिवाणी न्यायाधीश.) पारावरचा म्हातारा काठी उचलून दाखवतो, “हाऊ वाडा मुन्सफना शे.” मुन्सफ कोण, कधीचा, कुठला, असं पुढे विचारलं की तो हसतो. त्याच्या आज्यानेही मुन्सफाला पाहिलेलं नसतं. आमच्या फुईच्या सासरचा वाडा असाच. (आत्याला आम्ही फुईच म्हणतो.) तो पडायला आला तेव्हा घरातल्यांपैकी मोकळी मीच होते, म्हणून कागद आणि गवंडी दोन्ही माझ्या गळ्यात आले. चार वर्षं गेली. त्यातली दोन तरी वाचली असती, जर क्रम आधी कळला असता. तो क्रम इथे लिहिते.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगून टाकते. आम्ही मालकीच्या कागदांत मुन्सफाचं नाव शोधत बसलो. ते तिथे असण्याचं कारणच नव्हतं. मुन्सफाची नोकरी बदलीची. काही वर्षं एका गावी काढली की बिऱ्हाड पुन्हा बैलगाडीत. असा माणूस घर बांधत नाही, गावातलं बरं घर भाड्याने घेतो. आणि गावातलं बरं घर असतं सावकाराचं, देशमुखाचं नाहीतर कापसाच्या व्यापाऱ्याचं. सावकाराच्या माडीवर राहून त्याच सावकाराचे कुळांवरचे दावे तो कसा ऐकत असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण कामाचा मुद्दा असा: एका वाड्याचे दोन माग असतात, मालकाचा वेगळा आणि साहेबाचा वेगळा, आणि दोन्ही वेगवेगळ्या दप्तरांत पडलेले असतात.

कागदाआधी घर वाचा

पहिल्या दिवशी झाडू मारू नका. बॅटरी, टेप, खडू आणि वही घेऊन आत जा. जोत्यापासून सुरुवात करा: चिऱ्याचं आहे की गोट्यांचं, भिंत खाली भाजक्या विटेची आणि वर पांढरीची (पांढऱ्या मातीची) आहे का, खांबांना दगडी तळखडे आहेत का. प्रत्येक खणाची मापं घ्या. मग साहेबाच्या खुणा शोधा.

पहिली खूण जिना. सावकाराच्या वाड्यात माडीवर जायचा जिना सहसा आतून, माजघराजवळून असतो, कारण वर माल नाहीतर माणसं घरचीच. फुईच्या वाड्यात दुसरा एक जिना होता, रस्त्यावरच्या ओट्यावरून सरळ वर जाणारा, हाताला दोर धरावा लागेल इतका उभा. त्याच्या पायऱ्या मधोमध घासून पळीसारख्या झालेल्या. आतल्या जिन्याच्या पायऱ्या मात्र सपाट. म्हणजे बाहेरून येणारी माणसं जास्त होती आणि त्यांना माजघर दिसू द्यायचं नव्हतं.

दुसरी खूण आम्ही जवळजवळ गवंड्याच्या हातून बुजवूनच घेतली होती. माडीवरच्या मोठ्या खोलीत तुळईला दोन लोखंडी कड्या होत्या. आम्हाला वाटलं पाळण्याच्या. पण पाळण्याच्या मानाने कड्या एकमेकींपासून फारच लांब, सात-आठ फुटांवर. आणि समोरच्या भिंतीत, डोक्याच्या जरा वर, मूठभर आकाराचं आरपार भोक. त्यात बोट घातलं तर खालच्या कडेला गुळगुळीत खोबण लागली, विहिरीच्या काठावर दोराने पडते तशी. झुलत्या पंख्याचा दोर तिथून जात होता. भिंतीपलीकडच्या अंधाऱ्या बोळात बसून कुणीतरी तो ओढत असे. साहेब आत गारव्यात, ओढणारा बाहेर उकाड्यात. मे महिन्यात जिथे पारा ४५च्या पुढे जातो तिथे ही खोबण पडायला किती दुपारी लागल्या असतील!

अशा खुणांचा फोटो काढताना शेजारी टेप धरा, म्हणजे माप फोटोतच येतं. खोलीला नंबर द्या, भिंतीला अ-ब-क-ड, आणि फोटोचा नंबर वहीत टाका. नुसते फोटो मोबाइलमध्ये साठवले तर सहा महिन्यांनी कुठला कोनाडा कुठल्या खोलीतला हे घरच्यांनाही सांगता येत नाही. पागोट्याच्या खुंट्या, कागद टोचायची तारेची आकडी, दारावर खरवडलेले आकडे, सगळं टिपा. अर्थ नंतर लावता येतो.

म्हाताऱ्यांना काय विचारायचं

“मुन्सफ कोण होता?” हे विचारू नका. त्याचं उत्तर गोष्ट म्हणून येतं आणि प्रत्येक घरात वेगळी येते. “या खोलीला तुम्ही काय म्हणायचात?” हे विचारा. फुईची जाऊ माडीला सहज ‘कचेरी’ म्हणाली. कागद काही म्हणोत, तो शब्द तीन पिढ्या तोंडात टिकला होता. आणि पहिल्याच भेटीत जुन्या कागदांबद्दल विचारा, लाज न धरता. आमच्याकडे एक लाल फडक्यातलं दप्तर होतं. ते ‘वाचता न येणारे कागद’ म्हणून एका हिवाळ्यात पाण्याच्या बंबात गेलं. उरलं ते बळदाच्या (धान्याच्या कोठीच्या) तळाशी पडलेलं, सात-आठ कागदांचं.

मालकाचा माग

हे काम रटाळ आहे पण सरळ आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून नगर भूमापन क्रमांक काढा आणि मिळकत पत्रिकेची नक्कल घ्या. पत्रिकेवर नुसतं धारकाचं नाव पाहून परतू नका. ‘हक्काचा मूळ धारक’, ‘पट्टेदार’ आणि ‘इतर भार’ हे रकाने वाचा. जुनं गहाण तिथे सापडतं. पत्रिकेच्या मागे असते चौकशी नोंदवही: सर्व्हे झाला तेव्हा कुणी कुठल्या कागदाच्या आधारे हक्क सांगितला, याची नोंद. तिची नक्कल वेगळी मागावी लागते. न मागता कुणी देत नाही. गावाचं नगर भूमापन झालंच नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीची नोंदवही).

खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात. १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीची दफ्तरं आणि त्यांच्या सूच्या फी भरून कुणालाही पाहता येतात. नातं सिद्ध करावं लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे मी दोन खेपा परत आले. सूची एक नावावरून, सूची दोन मिळकतीवरून. जुन्या वर्षांत नावावरून लवकर सापडतं, कारण घराचे नंबर बदलतात, आडनावं कमी बदलतात.

आता मोडी. घरात निघालेले कागद झाडू नका, उन्हात ठेवू नका, प्लास्टिकमध्ये कोंबू नका, आणि सेलोटेप तर अजिबात नको. सुती कापडात सपाट ठेवा आणि फोटो काढून मग वाचकाकडे जा. खानदेशच्या माणसाला यासाठी पुण्यालाच पळायची गरज नाही. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच वारले आणि दुसऱ्याच महिन्यात, जानेवारी १९२७ला, मंडळ उभं राहिलं. वाड्यावाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरं गोळा करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढणाऱ्या माणसाच्या नावाची संस्था आपल्या जिल्ह्यात असताना आपण दप्तरं बंबात घालतो.

मोडी वाचून झालं की तारखांचा घोळ सुरू होतो. शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९). फसली (महसुली साल) असेल तर ५९०. फसली साल मृगाला बदलतं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ५९१. शके १७९७ आणि फसली १२८५ ही दोन वेगळी वर्षं वाटतात, पण दोन्ही येतात १८७५-७६वर. पेशवाईतला कागद निघाला आणि साल अरबी शब्दांत असलं, तर ते शुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६००.

मुन्सफाचा माग

इथे आधी हुद्दा समजून घ्या, नाहीतर चुकीच्या पन्नास वर्षांत शोधत बसाल. १८२७च्या एल्फिन्स्टन संहितेनंतरच्या (मुंबई इलाख्याच्या कायद्यांच्या संग्रहानंतरच्या) काळात देशी न्यायाधीशांचे हुद्दे मुन्सफ, सदर अमीन, मुख्य सदर अमीन असे होते. १८६९च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने ते मोडून पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे सबऑर्डिनेट जज्ज आणले. दुसऱ्या वर्गाच्या जज्जाला ५,००० रुपयांपर्यंतचे दावे, पहिल्या वर्गाला ती मर्यादा नव्हती. आज त्याच खुर्चीवर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश बसतात. पण गावाने कायदा वाचला नव्हता. ‘मुन्सफ’ हा शब्द लोकांच्या तोंडात पुढे कित्येक वर्षं राहिला. म्हणून ‘मुन्सफाचा वाडा’ या नावावरून तो १८६९च्या आधीचा ठरत नाही. आमच्या वाड्यात राहिलेला गृहस्थ कायद्याने मुन्सफ नव्हताच, दुसऱ्या वर्गाचा सबजज्ज होता.

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. १९०६पर्यंत सगळा एकच खानदेश जिल्हा आणि ठाणं धुळं. त्या वर्षी पूर्व खानदेश (जळगाव) आणि पश्चिम खानदेश (धुळे) झाले. नंदुरबार तर १ जुलै १९९८चं. मालेगाव-बागलाण त्याआधीच, १८६९ला नाशिक जिल्हा झाला तेव्हा, तिकडे गेले. म्हणजे जळगावच्या माणसाला १८९० सालचा कागद हवा असेल तर ‘जळगाव’ खाली शोधून काही मिळणार नाही.

साहेबाचं नाव कुठे मिळतं? माझ्या अनुभवात या क्रमाने जा. आधी तालुका न्यायालयात, काही ठिकाणी पूर्वीच्या न्यायाधीशांचा लाकडी फलक असतो. शिपायाला विचारा, वकिलांना बहुधा माहीत नसतं. मग नगरपालिकेची जुनी घरपट्टी आकारणी नोंदवही. तिच्यात दोन रकाने असतात, मालक आणि भोगवटादार. सोनं दुसऱ्या रकान्यात आहे. आम्हाला तिथे नाव मिळालं नाही, फक्त ‘सबजज्ज’ एवढा हुद्दा मिळाला. पण वर्ष मिळालं. ते वर्ष घेऊन मुंबई सरकारच्या गॅझेटात आणि सिव्हिल लिस्टमध्ये पाहिलं, तिथे नेमणुका, रजा, बदल्या छापलेल्या असतात. हे खंड मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आणि मोठ्या जुन्या ग्रंथालयांत मिळतात.

आणखी एक वाट आहे, ती फारसं कुणी सुचवत नाही. ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई मालिका १८७६पासून आहे. तालुक्याच्या निकालावर हायकोर्टापर्यंत अपील गेलं असेल, तर तिथे खालच्या न्यायाधीशाचं नाव ‘रावसाहेब’ लावून छापलेलं सापडतं, गावाच्या नावासकट. जिल्हा वकील संघाच्या वाचनालयात हे खंड धूळ खात असतात. दुपारी कोर्ट चालू असताना जा, वाचनालय रिकामं असतं.

फार मोठं नाव चिकटवायचा मोह टाळा. न्यायमूर्ती रानड्यांची १८७९ला, वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या धामधुमीत, धुळ्याला बदली झाली होती, हे खरं. त्यामुळे आसपासच्या कित्येक वाड्यांत ‘रानडे राहिले होते’ असं सांगतात. कागद दाखवा म्हटलं की विषय बदलतो. आमचे सबजज्ज कोकणातले निघाले. नाव लिहीत नाही, त्यांच्या पणतवंडांना अजून विचारलेलं नाही.

गवंड्याला बोलावण्याआधी

मिळकत पत्रिकेवर चौदा नावं असतील तर चौदा जणांची लेखी संमती घ्या. लेकींची सुद्धा, “ती कशाला आडवी येईल” या भरवशावर काम काढू नका. कुणी हिस्सा सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदवलेलंच हवं, साध्या कागदावरचं चालत नाही. वाडा एखाद्या केंद्रसंरक्षित स्मारकाजवळ असेल, समजा थाळनेरच्या फारुकी कबरींच्या शेजारी, तर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरांतही परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आणि नगरपालिकेची ‘धोकादायक इमारत’ नोटीस आली असेल तर ती खिशात ठेवून बसू नका. अभियंत्याकडून पाहणी करून, टेकू लावून, लेखी उत्तर द्या. उत्तर न दिलेल्या नोटिशीचा शेवट जेसीबीने होतो.

आधी पाणी, मग धाबं, मग भिंत

खानदेशात पाऊस थोडा, सपाटीवर वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर. म्हणून तर इथे मातीची धाबी (सपाट छपरं) टिकली. पण तोच पाऊस चार दिवसांत कोसळला की घर बसतं. पहिला खर्च पन्हाळींवर करा. पन्हाळ भिंतीपासून दीड-दोन फूट बाहेर आली पाहिजे आणि खाली पडणारं पाणी जोत्यापासून लांब वाहून गेलं पाहिजे. रस्ते दरवेळी वर चढवल्याने जुने ओटे आता रस्त्याच्या खाली गेलेत. तिथे चर काढल्याशिवाय पुढचं सगळं काम फुकट आहे.

मग धाबं. तुळया, त्यांवर कडीपाट किंवा किलचा (लाकडाच्या बारीक पट्ट्या), त्यावर पाला-तुराट्या, मग चिखल, आणि सगळ्यात वर खारी माती. खारीत सोड्याचा अंश असतो, ओली झाली की तिचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात, म्हणून पाणी खाली उतरत नाही. दरवर्षी मृगाआधी खारी टाकायची, ही रीत. घोटाळा असा की टाकणारे सगळे, काढणारा कुणीच नाही. आमच्या धाब्यावर खणून पाहिलं तर माती फुटाच्या वर निघाली. एक फूट माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात वजन, तेही कोरडी असताना. तुळई वाकली तर बिचाऱ्या सागाचा काय दोष! आधी थर उतरवा, चार ते सहा इंच ठेवा, उतार पन्हाळीकडे धरा, आणि उतरवताना खालून टेकू द्या. एकाच बाजूची माती काढू नका, खांब कलतात.

तुळईचं टोक भिंतीत असतं आणि तिथेच कुजतं. हातोडीने ठोकत टोकाकडे जा. टणत्कार जाऊन बद्द आवाज आला की पेचकस खुपसून पाहा. दोन-अडीच इंच सहज आत गेला तर तेवढं टोक कापून जुन्याच सागाचा जोड द्या. अख्खी तुळई बदलायची घाई सुताराला असते, कारण जुना साग त्याला हवा असतो. वाळवीचं मातीचं घर दिसलं की आधी ओल कुठून येते ते शोधा, औषध त्यानंतर.

भिंतीबद्दल आमची फजिती. पहिल्या वर्षी कंत्राटदाराच्या सांगण्यावरून खालच्या मजल्याला सिमेंटचा गिलावा केला. मोहल्ल्यातले एक म्हातारे गवंडी उभं राहून पाहत होते. ते म्हणाले, “सिमिट लावशात ते भीत मरी जाई, बाई.” मला वाटलं, काम गेलं म्हणून बोलतात. दोन पावसाळ्यांनी गिलावा पत्र्यासारखा सुटला आणि मागे पांढरीची भिंत ओल्या पोह्यांसारखी. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. ती आत अडकते, वर चढते, आणि लोणा (क्षार) लागून विटेचा भुगा होतो. मग त्याच आबांच्या घरी जाऊन चहा घेतला आणि काम त्यांच्या हातात दिलं.

त्यांची पद्धत अशी. पांढरीच्या भिंतीला मातीचाच गिलावा: चाळलेली पांढरी, गव्हाचा भुसा, शेण, आणि सात-आठ दिवस पायाने तुडवत कुजवलेला गारा. चुना फक्त भाजक्या विटेला. कळीचा चुना हौदात किमान पंधरा दिवस विरवायचा, जास्त मुरला तर चांगलंच. मग एक भाग चुना, दोन भाग चाळलेली वाळू आणि सुरखी (विटेची पूड), हे घाणीत (चुना दळायच्या घाण्यात) मळायचं. भिजवायला गूळ आणि हिरड्याचं पाणी. दोन थर, प्रत्येक अर्ध्या इंचाच्या आत, आणि आठ-दहा दिवस ओलं गोणपाट. हे काम दिवाळीनंतर काढा. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात चुना सुकतो, धरत नाही, आणि बोटाने खरवडला की पीठ पडतं. लोणा लागलेल्या जागी आधी ओल्या कागदाच्या लगद्याचा लेप लावा, सुकला की क्षारांसकट काढा, असं तीन-चार वेळा.

दारं-खांबांवरचा ऑइलपेंट ग्राइंडरने घासू नका, नक्षीच जाते. रंग हाताने काढा, मग जवसाचं तेल.

पाटी

शेवटी घरातला एखादा उत्साही भाऊ संगमरवरी पाटी करून आणतोच. मजकूर त्याच्या हातात देऊ नका. कागदाने ठरलेलं एका ओळीत, गावाच्या तोंडचं दुसऱ्या ओळीत, आणि दोन्हींत ‘असे सांगतात’ची रेघ स्पष्ट. आमच्या पाटीवर वाडा बांधणाऱ्या घराण्याचं नाव आधी आहे, मग ‘येथे सबजज्ज भाड्याने राहत’ आणि वर्षं. ‘भाड्याने’ हा शब्द काढा म्हणून फुईच्या दिरांनी फार आग्रह धरला. फुईने ऐकलं नाही. “भाडं घेतलंय ना आपण? मग लिहा.”

पंख्याच्या दोराचं भोक आबांनी बुजवलं नाही. भोवती चुन्याची बारीक कड काढून दिली. खाली पाटी नाही. आलेल्या प्रत्येक पोराला बोट घालून पाहायला सांगतो.